भेगांचा टक्का

गजाननबुवा खांबेट्यांच्या अंगात एक्केचाळीस टक्के चरबी आहे, असं यंत्रानं सांगितलं तेव्हा भराडखोलच्या देवळात हशा पिकला. बुवा पंचाहत्तरीच्या घरातले. उपरणं खांद्यावर टाकलं की खुंटीवर टाकल्यासारखं दिसायचं. बुवाही हसले. "इतकी वर्षं यजमानांनी कीर्तनकाराला तूप वाढलं, ते जातं कुठे याचा मीच विचार करत होतो," ते सर्वेक्षणाच्या बाईंना म्हणाले. "आज पत्ता लागला म्हणायचा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बुवांचा अंगठा उमटवून घेतला आणि पुढच्या माणसाला पायपट्टीवर उभं केलं.

आठवड्यानं बुवांच्या फोनवर निरोप आला. आपली निवड पहिल्या तुकडीत झाली आहे, येत्या सोमवारी सकाळी सभामंडपात आपल्याला 'लघिमा' टोचली जाईल. बुवांनी तो पुण्याला मुलीला फोनवर वाचून दाखवला. "केतकी, अष्टसिद्धींतली एक सिद्धी सरकार फुकट देतंय. घेऊन टाकू ना?"

केतकी राष्ट्रीय मेदसर्वेक्षण कक्षात पडताळणी अधिकारी होती. साऱ्या देशाचा आकडा तिच्या सहीनं बाहेर जायचा. वडिलांचा आवाज ऐकताना ती आधी हसली आणि मग बसल्या जागी ताठ झाली.

"अप्पा, मी येतेय. तोवर कुणी सुई घेऊन आलं तर दार उघडू नका."

"एवढं काय आहे त्यात?"

"तुमच्या अंगात जाळायला काही नाहीये, अप्पा."

लठ्ठपणा मोजायची जुनी रीत सोपी होती. वजन घ्यायचं, उंचीच्या वर्गानं भागायचं, आणि उत्तर ठरलेल्या रेषेच्या वर येतं की खाली ते बघायचं. या रीतीनं देशादेशांची तुलना केली की पॅसिफिकमधली चिमुकली बेटं सगळ्यांत वर दिसायची, जपान तळाशी, आणि भारत खालच्या अंगाला बऱ्यापैकी खुशीत. पण आपलं शरीर फसवं. हातपाय काटकुळे, आणि चरबी आत, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती दडून बसलेली. वजनकाट्याला ती दिसत नाही, मधुमेहाला बरोबर दिसते. ती दडलेली चरबी मोजायला पायपट्टी आली.

पायपट्टी म्हणजे पाटाएवढी काच. तिच्यावर अनवाणी उभं राहायचं. एका तळव्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह शरीरात शिरतो आणि दुसऱ्या तळव्यातून बाहेर पडतो. रक्त आणि स्नायू पाण्यानं भरलेले, त्यांतून तो सहज वाहतो. चरबी त्याला अडवते. तो किती अडला यावरून चरबी किती हे कळतं. तळव्याची कातडीही थोडं अडवतेच, म्हणून तिच्या वाटचा अडथळा यंत्र आधीच वजा करून टाकतं. ही पट्टी जगभर गेली आणि जागतिक मेदतालिका उलटीपालटी झाली. शंभरातली त्रेचाळीस माणसं लठ्ठ ठरली आणि भारत त्रेचाळीस टक्क्यांवर जाऊन बसला. वरून तिसरा.

त्याच सुमारास लघिमा आली. दंडात एकदाच टोचायची. आत बसून ती वर्षभर शरीराला चरबी जाळायला लावते, आणि एकदा टोचली की काढता येत नाही. चरबी सापडली नाही तर ती स्नायूंकडे वळते, हे औषधाच्या माहितीपत्रात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. औषध तयार व्हायचं थोडं आणि मागायचं सारं जग, म्हणून आंतरराष्ट्रीय परिषदेनं ते बाजारात येऊच दिलं नाही. नियम असा की ज्या देशाचा टक्का चाळीसच्या वर, त्याला या वर्षी फुकट. बाकीच्यांनी दोन वर्षं थांबायचं. देशातही ज्याचा आकडा मोठा त्याला आधी. या वर्षीची तालिका शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती.

केतकीचा थोरला भाऊ हृषीकेश पहिल्या तुकडीत होता. पूर्वी अप्पांच्या कीर्तनाला पेटीवर तोच बसायचा. आता त्याला मांडी घालता येत नव्हती. हृदयाची एक झडप बिघडली होती, आणि एवढ्या वजनावर आम्ही भूल देणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आठवड्याला घ्यायची जुनी इंजेक्शनं त्याला मानवली नव्हती. वर्षभरात वजन उतरलं तर शस्त्रक्रिया. नाही उतरलं तर काय, हे विचारलं की डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारायचे.

लघिमाची बातमी आली त्या दिवशी हृषीच्या घरी शिरा झाला होता, आणि त्यानं तो खाल्ला नव्हता.

---

गुरुवारी दुपारी केतकी भराडखोलला पोचली तेव्हा देवळात उत्सवाची तयारी चालली होती. संध्याकाळी अप्पांचं कीर्तन होतं. तिनं पुण्याहून नवी कोरी पायपट्टी आणली होती. गावातल्या पट्टीत बिघाड असणार अशी तिची खात्री होती.

"अप्पा, एकदा उभे राहा बरं हिच्यावर."

"थांब, पाय नीट करून येतो," अप्पा म्हणाले आणि मागीलदारी गेले. थोड्या वेळानं आले आणि पट्टीवर उभे राहिले. चाळीस.

केतकीनं पट्टी बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा चाळीस. नव्या यंत्राला गावातल्या यंत्राशी संगनमत करायचं काहीच कारण नव्हतं. ती खाली वाकली. काचेवर अप्पांच्या दोन्ही पावलांचे ठसे उमटले होते, देवघरातल्या लक्ष्मीच्या पावलांसारखे रेखीव आणि तुकतुकीत. तिनं ठशावर बोट फिरवलं. बोट घसरलं.

"पायाला काय लावलंय तुम्ही?"

"भिरंडेल. दुसरं काय लावणार?"

कोकमाच्या बियांचं तेल थिजवून केलेला तो पिवळट गोळा कोकणात घरोघरी असतो. दिव्यावर धरून वितळवायचा आणि टाचेच्या भेगांत भरायचा. अप्पा आयुष्यभर अनवाणी चालले होते, देवापुढे उभं राहणाऱ्यानं जोडे कशाला घालायचे म्हणून. त्यांच्या टाचा सुकलेल्या शेतासारख्या तडकलेल्या होत्या, आणि आता प्रत्येक तड मेणचट तेलानं भरून गेली होती.

"त्या दिवशी बाई आल्या होत्या तेव्हाही लावलं होतंत?"

"म्हणजे काय? सगळ्या गावानं लावलं होतं. पुण्यामुंबईची माणसं येणार, चारचौघांत पाय पुढे करायचे, आणि ते असले? तुमच्याच कागदावर होतं, पायांची निगा राखून यावे म्हणून."

तो कागद केतकीच्याच कक्षातून निघाला होता. ते वाक्य कुणीतरी सहज लिहिलं होतं आणि तिनं सहज वाचलं होतं.

तिनं चुलीवरचं कढत पाणी बादलीत ओतलं, भांड्यांचा साबण घेतला, टाचा घासायची वजरी घेतली आणि अप्पांना पडवीच्या पायरीवर बसवलं.

"अगं, मी घासतो की."

"बसा गप्प."

तेल निघालं, त्याखालची मेलेली कातडी निघाली, भेगांत ओल गेली. ओले पाय पट्टीवर ठेवले. पंधरा टक्के.

केतकी त्या आकड्याकडे बघत राहिली. यंत्र कातडीच्या वाटचा जो अडथळा वजा करत होतं, तो ठरवताना दहा देशांतली माणसं उभी केली होती, आणि ती सगळी मोजे आणि बूट घालणारी होती. मऊ तळव्यांची. अनवाणी पायाची जाड, कोरडी साल आणि तिच्यावर तेलाचा थर असा अडथळा त्या हिशेबात धरलेलाच नव्हता. जो प्रवाह टाचेशीच अडला, तो पोटातल्या चरबीनं अडवला असं यंत्र समजत होतं. अप्पांच्या टाचा लठ्ठ निघाल्या होत्या.

मग तिच्या मनात आलं, हे भराडखोलपुरतंच कशाला असेल?

---

शेजारच्या वाडीत सुंदराबाई राहायची. मासळी सुकवणारी बाई, वाळक्या बोंबलासारखी. महिन्यापूर्वी तालुक्यात लघिमाची चाचणी झाली होती आणि तिचा आकडा मोठा म्हणून तिला टोचली होती. केतकी गेली तेव्हा ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. हाक ऐकून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"हंडा उचलवत नाय गो," ती म्हणाली. "जेवते तर बरी. पन हात बग."

दंडावरची कातडी पिशवीसारखी लोंबत होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं होतं.

केतकीनं पाणी मागितलं आणि तिचे पाय पुढ्यात घेतले. सुंदराबाईनं ते झटकन मागे ओढले.

"हे काय गो करतेस? देवाच्या बुवांची पोर तू. माजे पाय धरतेस?"

"धरू दे, मावशी."

धुतलेल्या पायांनी सुंदराबाईला सुनेच्या आधारानं पट्टीवर उभं केलं. तेरा टक्के. गेल्या महिन्यात अडतीस होते. महिन्याभरात एवढी चरबी जाते असं कुणीही मानलं नसतं, आणि गेली असती तर बाई हिंडतीफिरती असती.

"म्हंजे मला नको होतं, ता दिलानी?"

"हो, मावशी."

"आता काडता येईल?"

केतकीनं नाही म्हणून मान हलवली. सुंदराबाईनं आपले हात उलटेसुलटे करून बघितले. मग सुनेला म्हणाली, "ताईला च्या ठेव."

---

केतकी परत आली तेव्हा अप्पा कीर्तनाचा फेटा बांधत होते. तिनं उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग साधं आहे," ते म्हणाले. "सोमवारी मी नको म्हणतो. गावालाही सांगतो. बुवांचं ऐकतात लोक."

"आणि दुसरी गावं? अप्पा, अनवाणी माणूस एका गावात नाही. जिथे जिथे भेगा आहेत तिथे तिथे माणसांनी काही ना काही चोपडलं असणार. यंत्र त्यांनाच पुढे काढतंय. सुंदराबाईसारखे किती निघतील, मला मोजायची भीती वाटतेय."

"मग सगळीकडे सांगा, पाय धुऊन पुन्हा मोजा म्हणून."

"पुन्हा मोजलं की देशाचा आकडा उतरतो. चाळीसच्या खाली गेला तर लघिमा मिळत नाही. कुणालाच."

फेट्याचा फेरा अप्पांच्या हातात थांबला. "दोन वर्षं पुढे जाईल?"

"हो."

"हृषीचंही?"

अप्पांनी फेटा पुरा बांधला, आरशात न बघता, आणि चिपळ्या घेऊन देवळाकडे निघाले.

पूर्वरंग नेहमीसारखा रंगला. देह म्हणजे देवानं राहायला दिलेलं भाड्याचं घर, असं त्यांनी मांडलं. "आणि भाडेकरू असा, की घरभर सामान भरून ठेवतो आणि मग मालकालाच विचारतो, मी झोपू कुठे?" माणसं हसली. मध्यंतरी बुवांना हार घातला, बुक्का लावला. उत्तररंगाला त्यांनी होडी हाकणाऱ्या तांडेलाचं आख्यान घेतलं. ते त्यांनी स्वतःच रचलेलं, गावाच्या आवडीचं. भरल्या खाडीत वादळ उठतं, होडीत वजन जास्त झालेलं असतं, कुणीतरी उतरल्याशिवाय होडी तरणार नसते. होडीत परकी माणसं असतात आणि तांडेलाचा मुलगाही असतो. दर वर्षी बुवा तांडेलाच्या तोंडून मुलाला म्हणायचे, "बाळा, तू उतर." बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मग देव यायचा आणि मुलाला वर काढायचा.

"तांडेलानं वल्हं खाली ठेवलं," अप्पा म्हणाले, "आणि मुलाकडे पाहिलं."

पेटीवाल्यानं सूर धरला. तबलजीचा हात उचललेला राहिला. अप्पा उभेच होते, एक हात पुढे केलेला. पुढचं वाक्य येईना. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "बाळा, तू उतर." बुवा विसरले असं तिला वाटलं होतं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, चिपळ्या वाजवल्या आणि एकदम नामाचा गजर धरला. सगळं देऊळ त्यात मिसळलं. आख्यान तसंच होडीत राहिलं.

आरतीनंतर माणसं म्हणत होती की बुवा आता थकले. केतकी खांबाशी उभी होती. अप्पांनी येऊन तिच्या कपाळाला बुक्का लावला.

---

शुक्रवारी पहाटेच्या गाडीत बसल्या बसल्या केतकीनं पाच राज्यांतल्या सहकाऱ्यांना फोन केले. माणसं निवडा, पाय साबणानं धुवा, पुन्हा मोजा आणि आधी पायाला काय लावलं होतं तेवढं विचारा. ती पुण्याला पोचेपर्यंत उत्तरं यायला लागली. राजस्थानात तूप, तामिळनाडूत एरंडेल, मराठवाड्यात मेण आणि खोबरेल. प्रत्येक ठिकाणी अनवाणी माणसांचा आकडा धाडकन खाली आला होता. शहरातल्या, बूट वापरणाऱ्या माणसांचा मात्र जिथल्या तिथे. तिनं नवा अडथळा धरून सगळं गणित पुन्हा मांडलं. देशाचा टक्का छत्तीस.

तिच्या वरिष्ठ, डॉक्टर नूतन कारखानीस, यांनी आकडे दोनदा वाचले. त्या हुशार बाई होत्या. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण पाच राज्यांतली मूठभर माणसं. परिषद विचारेल, एवढ्यावर देशाचा आकडा बदलता?"

"आपण बदलला नाही तर सोमवारी टोचायला सुरुवात होईल, मॅडम."

"केतकी, बस." त्यांनी दार लोटून घेतलं. "या देशात खरोखर लठ्ठ, खरोखर आजारी अशी कोट्यवधी माणसं आहेत. छत्तीस टक्के म्हणजे थोडीथोडकी नाहीत. त्यांना औषध मिळतंय. तुझ्या भावाचं नाव आहे ना त्यात? माझ्या आईचंही आहे. मी तुला खोटं सांग म्हणत नाहीये. पुढच्या वर्षीच्या तालिकेत आपण ही दुरुस्ती घालू, अगदी व्यवस्थित, अहवाल लिहून. गावोगाव सूचना काढू, की बारीक दिसणाऱ्याला टोचण्याआधी डॉक्टरांनी बघावं."

"तालुक्याच्या डॉक्टरांनी सुंदराबाईला बघितलं होतं. डोळ्यांना बारीक दिसत होती, यंत्राला लठ्ठ. त्यांनी यंत्राचं ऐकलं. आपणच सांगितलं होतं ना त्यांना, की भारतीय माणूस बारीक दिसतो पण आतून नसतो?"

डॉक्टर कारखानीस यांनी आकड्यांचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाल्या, "जुना आकडा यंत्रणेत भरलेला आहे. उद्या पाचला तो आपोआप जाईल. बदलायचा असेल तर तुझी सही लागेल, आणि तुझ्यानंतर माझी. तू काही करू नकोस. एवढंच सांगतेय. नुसती काही करू नकोस."

---

शनिवारी सकाळी केतकी हृषीच्या घरी गेली. हे फोनवर सांगायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. रेणुका वहिनीनं दार उघडलं. हृषी खिडकीपाशी रुंद खुर्चीत बसला होता. समोर टेबलावर पेटी, पडद्यावर कुठल्याशा परदेशातली एक शिष्या सूर लावत होती. त्यानं तिला सुट्टी दिली.

"ये केतू. देशाचं वजन करून दमलीस वाटतं. चेहरा बघ."

तिनं सांगितलं. मध्ये कुठेतरी वहिनी मटकन पलंगावर बसली. हृषी ऐकत होता आणि त्याचा श्वास खोलीभर ऐकू येत होता.

"म्हणजे अप्पांच्या टाचांनी मला औषध मिळवून दिलं," तो म्हणाला. "आणि तू ते पाय धुतलेस."

"दादा."

"थट्टा नाही करत. पाठवू नकोस, केतू. मी मोठेपणा दाखवणार नाहीये. पाठवू नकोस. अप्पांना मी सांगेन, घेऊ नका. सुंदराबाईचं झालं ते झालं. बाकीच्यांना तुम्ही फोन करा, टीव्हीवर सांगा, काहीही करा, पण आकडा राहू दे."

"आकडाच त्यांना सुईपाशी नेतोय. टीव्हीवर सांगितलं की तासाभरात परिषद विचारेल, मग तुमचा टक्का खरा कसा?"

"विचारू दे. उत्तर द्यायला महिने लाव. सरकारी काम आहे, महिने सहज लागतात."

"त्या महिन्यांत किती जणांना टोचतील?"

"मला त्यांची नावं माहीत नाहीत." त्याचा आवाज चढला आणि लगेच दमानं बसला. त्यानं छातीवर हात ठेवला, थांबला. "मला रेणूचं नाव माहीत आहे. माझं माहीत आहे. तुला आमची नावं माहीत नाहीत का?"

वहिनी म्हणाली, "केतकीताई, आज पाचपर्यंत तुम्ही इथेच बसा ना. जेवा. कुठे जाऊ नका."

ती रागानं बोलली असती तर केतकीला सोपं गेलं असतं. वहिनीनं खरंच पानं घेतली. भाकरी, मुगाची उसळ, काकडी. हृषीच्या पानात अर्धीच भाकरी होती आणि तो ती चुरून चुरून खात होता. जेवण झाल्यावर केतकीनं ताटं उचलली, घासून ठेवली आणि पर्स घेतली.

हृषीनं विचारलं नाही कुठे निघालीस. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

---

कक्षात शनिवारी कुणी नव्हतं, डॉक्टर कारखानीस सोडून. पडद्यावर देशांची तालिका उघडी होती. भारत, त्रेचाळीस, तिसरा. खाली उलटं चालणारं घड्याळ.

केतकीनं हात जोडून डोळे मिटले. देवाकडे काय मागायचं ते तिला सुचेना. दादाला वाचव म्हणावं, तर तीच आता त्याच्या आड येणार होती. आकडा चुकीचा निघू दे म्हणावं, तर तो तिनं तिसऱ्यांदा तपासला होता. नुसतंच नाव घेतलं, लहानपणी कीर्तनात पेंगुळल्यावर घ्यायची तसं, अर्थाशिवाय. मग डोळे उघडून तिनं छत्तीस लिहिलं, कारण लिहिलं, पाच राज्यांचे आकडे जोडले आणि सही केली.

आता दुसरी सही हवी होती. डॉक्टर कारखानीस पडद्यासमोर उभ्या होत्या. घड्याळ चालू होतं. त्या कितीतरी वेळ हलल्या नाहीत. या बाईंना काही सांगायचा आपल्याला आता हक्क नाही, असं केतकीला वाटलं.

"माझी आई," डॉक्टर कारखानीस म्हणाल्या, "मला घरात घेणार नाही." आणि त्यांनी सही केली.

आकडा गेला. काही सेकंदांत तालिका हलली. भारताची ओळ खाली घसरत घसरत एकोणिसाव्या जागी जाऊन थांबली. सोमवारची टोचणी रद्द झाल्याचे निरोप आपोआप सुटले, ज्यांना ते जायला हवे होते त्यांनाही, आणि हृषीलाही.

---

रविवारी वर्तमानपत्रांत आनंदीआनंद होता. देश लठ्ठ नाही, देशाचे पाय खडबडीत आहेत, असे मथळे. शेजारी देशाच्या वर होतो ते खाली आलो, याचा लोकांना विशेष हर्ष. केतकीच्या इमारतीत कुणीतरी पेढे वाटले. लठ्ठपणात मागे पडल्याचे पेढे. एक तिच्याही हातावर पडला. तिनं तो खिशात ठेवला आणि जिना उतरून रिक्षा केली.

हृषीच्या इमारतीच्या खाली अप्पा उभे होते. पहाटेच आले होते, पिशवी घेऊन.

"मी आता इथेच राहणार," ते म्हणाले. "उत्सवाची पुढची कीर्तनं दुसऱ्या बुवांना दिली. याला रोज फिरवतो. आज कोपऱ्यापर्यंत. मग बघू."

"तो येतोय?"

"नाही म्हणतो. मी खाली थांबतो म्हटलं. थांबलोय."

ती वर गेली. वहिनीनं दार उघडलं आणि आत निघून गेली. हृषी त्याच खुर्चीत होता. केतकी दारातच उभी राहिली. आणलेले सगळे शब्द तिला जिन्यातच फुकट वाटले होते.

हृषी म्हणाला, "कितवा आला देश?"

"एकोणिसावा."

"आणि मी? दोन वर्षांनंतरच्या तुकडीत मी कितवा?"

केतकीनं काल तो आकडा पाहिला होता. "सांगू?"

"पाहिलास का तू?"

"पाहिला."

"मग तुझ्यापाशीच ठेव." त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. फुटपाथवर अप्पा अनवाणी उभे होते, मान वर करून. "हा माणूस तिथे उन्हात उभा राहील संध्याकाळपर्यंत. मी ओळखतो त्याला."

"मीही ओळखते."

"मी तुला माफ केलेलं नाही, केतू."

"हो."

ती कारण देईल, रडेल, सुंदराबाईचं नाव काढेल, अशी तो वाट बघत असावा. मग त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि पुढे सरकला.

"हात दे."

तिनं दोन्ही हात पुढे केले. त्यानं ते धरले आणि उठताना आपलं सगळं वजन तिच्यावर टाकलं. तिचे खांदे खेचले गेले, पाय फरशीवर घसरले. ते वजन उचलणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. पण तिनं हात सोडले नाहीत, आणि तो उभा राहिला.